हाऊसिंगमध्ये दर वेळी चमचाभर पाणी, कधी खारट कधी गोडं: शेवटी सापडलेलं कारण

प्रॉब्लेम आधी सांगतो. कॉम्पॅक्ट कॅमेरा, पॉलिकार्बोनेटचं पारदर्शक हाऊसिंग (पाण्याखाली नेताना कॅमेरा ज्यात बंद करतात तो जलरोधक डबा), रेटिंग ४० मीटरचं, आणि स्कुबा डाइव्ह सगळ्या गोव्याजवळच्या ग्रँड आयलंड बेटाच्या, म्हणजे बहुतेक १५ मीटरच्या आतबाहेरच. तरी दर ट्रिपला हाऊसिंगच्या तळाशी पाणी. पूर्ण भरलेलं कधीच नाही, कधी दोन-चार थेंब, कधी चमचाभर, एकदा मात्र एवढं की सिलिका जेलचं (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचं) पाकीट भिजून मऊ झालं होतं. मेन ओ-रिंग (झाकणाची फट बंद करणारी रबरी गोल रिंग) नीट साफ केली, ग्रीस बदललं, लॅच तपासलं, तरी पुढच्या ट्रिपला परत तेच. गोव्यात आणि मालवणात डाइव्ह करणाऱ्या बऱ्याच जणांकडून हेच ऐकतो की खोल तर गेलोच नाही मग पाणी शिरलं कसं, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. कॅमेरा गेला की फक्त पैसे जात नाहीत, त्या दिवशी दिसलेलं सगळं जातं, आणि आपल्याकडे पाणी स्वच्छ मिळणारे दिवस मुळात मोजकेच.

तर आधी ती खोलीची समजूत बाजूला ठेवा. पाण्यात दर १० मीटरला साधारण एक बार दाब वाढतो, म्हणजे वर हवेचा १ बार, १० मीटरवर २ बार. हाऊसिंगच्या आत मात्र वर बंद करतानाचा १ बारच असतो, त्यामुळे बाहेरचं पाणी झाकणाला आत दाबतं. माझ्या हाऊसिंगचं झाकण अंदाजे १४ बाय १० सेंटीमीटर आहे, म्हणजे १० मीटरवर त्याच्यावर जवळजवळ १४० किलोचा भार येतो. एवढ्या भाराने ओ-रिंग खाचेत गच्च दाबली जाते आणि सील आणखी पक्कं होतं. म्हणजे खाली गेल्यावर हाऊसिंग उलट जास्त सुरक्षित असतं, अर्थात रेटिंगच्या आत असाल तर. सगळ्यात कमकुवत वेळ म्हणजे पाण्याचा पहिला अर्धा-एक मीटर, वर येऊन बोटीला धरून लाटांमध्ये हिंदकळत थांबलेली पाच मिनिटं, आणि बोटीवरचा गोड्या पाण्याचा टब. तिथे पाणी आहे पण सील दाबायला दाब नाही. मला हे कळायला अर्धा सीझन गेला, कारण मी डाइव्हच्या मधलाच भाग तपासत बसलो होतो, १२ मीटरवर टॉर्च मारून हाऊसिंगच्या आत बघायचो, आत कोरडं ठणठणीत, आणि बोटीवर येऊन बॅग उघडली की पाणी.

सुरुवातीला मला वाटलं ही गळती नाहीच, दव असणार. हा गोंधळ गोव्यात फार होतो म्हणून त्याच्यावर थोडं थांबतो. आपल्याकडची हवा किती दमट असते ते सांगायला नको, मिठाच्या बरणीत बघा. ३२ डिग्री तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता धरली तर त्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो) २७ डिग्रीच्या आसपास येतो, आणि समुद्राचं पाणी सीझनमध्ये त्याच्याच आगेमागे असतं. म्हणजे बोटीवर, दमट हवेत हाऊसिंग बंद केलं की ती हवा आत कोंडली जाते, पाण्यात गेल्यावर काच गार होते, कॅमेरा मात्र व्हिडिओ करून तापलेला असतो, आणि काचेवर आतून धुकं धरतं. मान्सून संपल्यावर लगेच जे डाइव्ह करतात त्यांना हे जास्त दिसतं कारण तेव्हा खालचं पाणी कधीकधी चांगलंच गार लागतं. याला उपाय ओ-रिंग नाही, याला उपाय कोरडी हवा. हाऊसिंग आदल्या रात्री एसी खोलीत बंद करायचं. २४ डिग्री आणि ५०-५५ टक्के आर्द्रतेच्या खोलीतल्या हवेचा दवबिंदू १३-१४ वर येतो, मग समुद्र कितीही गार लागला तरी आत धुकं धरायचं कारण उरत नाही. सकाळी बाहेर काढल्यावर हाऊसिंगच्या बाहेरून ओलं होईल, गारठलेल्या बाटलीसारखं, ते पुसून टाका, घाबरू नका, फक्त तेव्हा उघडू नका. सिलिका जेलही ताजं हवं. नारंगी दाण्यांचं असेल तर ओलावा धरल्यावर ते हिरवट होतं, निळं असेल तर गुलाबी, मग ते ओव्हनमध्ये कमी आचेवर तापवून परत वापरता येतं (जेवणाच्या भांड्यात नको, निळ्या दाण्यांमध्ये कोबाल्टचं मीठ असतं).

आता दव की गळती हे ओळखायचं कसं? धुकं काचेवर सगळीकडे सारखं धरतं आणि उन्हात दहा मिनिटांत उडून जातं, गळतीचं पाणी एका कोपऱ्यात जमतं आणि हाऊसिंग तिरपं केलं की ओघळतं. आणि सगळ्यात सोपी परीक्षा मला माझ्या मालवणच्या मावसभावाने सांगितली, तो तिकडे पाहुण्यांना डाइव्हला नेतो. मी फोनवर सगळं वर्णन करत होतो आणि तो मध्येच म्हणाला, "दादा, एवढं सांगतोयस, पण ते पाणी चाखून बघितलंस का?" नव्हतं बघितलं. बोटाला लावून जिभेवर टेकवायचं, बस. खारट लागलं तर समुद्राचं, म्हणजे गळती नक्की. अळणी लागलं तर दव. (हाऊसिंग पूर्ण भरलं असेल आणि बॅटरीपर्यंत पाणी गेलं असेल तर मात्र ते पाणी तोंडाला लावू नका.)

मग पुढच्या ट्रिपला चाखलं. सूझीज रेकवरची (ग्रँड आयलंडजवळच्या बुडालेल्या जहाजावरची) पहिली डाइव्ह झाल्यावर निघालेलं पाणी अळणी. मी खूश, म्हटलं दवच आहे, जेल बदलू. त्याच दिवशी दुसऱ्या डाइव्हनंतर परत दोन थेंब, ते खारट. त्याच्या पुढच्या रविवारी जे निघालं ते धड खारट नाही धड गोडं नाही, मचूळ. इथे माझं डोकं चालेना. दव मचूळ कसं होईल, आणि समुद्र मचूळ कसा होईल?

उत्तर टबात होतं. आपल्या बोटींवर एक मोठा प्लास्टिकचा टब असतो गोड्या पाण्याचा, सकाळी धक्क्यावरून भरून आणलेला. त्यात पहिल्या डाइव्हनंतर सगळ्यांचे कॅमेरे, मास्क, मनगटावरचे डाइव्ह कॉम्प्युटर पडतात, प्रत्येक वस्तूबरोबर थोडा समुद्र आत जातो, आणि दुपारपर्यंत त्या टबाचं पाणी मचूळ होतंच. म्हणजे सकाळी अळणी लागलेलं पाणी दव नव्हतंच, टबाचं होतं. मचूळही टबाचंच. आणि खारट होतं ते दुसऱ्या डाइव्हला पाण्यात उतरतानाचं. त्यामुळे वरची चाखायची परीक्षा चांगली आहे पण तिला ही पुरवणी जोडा: हाऊसिंग टबात गेलं असेल तर अळणी पाण्यावर विश्वास ठेवू नका, टबात टाकायच्या आधी आत बघा आणि काढल्यावर परत बघा.

पण टबात असताना हाऊसिंगमध्ये पाणी शिरतंच का? हे खरं कारण, आणि ते दोन गोष्टी मिळून झालेलं आहे, एकटी कुठलीच एवढा त्रास देत नव्हती.

पहिली गोष्ट ऊन. दोन डाइव्हच्या मध्ये आम्ही तासभर बेटाच्या आडोशाला नांगरून असतो, चहा-बिस्किटं चालू असतात, आणि माझं हाऊसिंग तोवर डेकवर उन्हात पडलेलं असायचं. आतली हवा तापते, फुगते. ओ-रिंगची रचना बाहेरून येणारा दाब अडवायला असते, आतून बाहेर ढकलणाऱ्या हवेला ती तेवढी अडवत नाही, त्यामुळे थोडी हवा रिंगच्या बाजूने निसटून जाते. मग ते तापलेलं हाऊसिंग कोणीतरी उचलून टबात टाकतं. आतली हवा झटकन गार होते, आकसते, आणि बाहेरचं पाणी आत ओढायला लागते. डब्यात गरम भाजी भरून झाकण घट्ट लावलं तर जेवायच्या वेळेला झाकण उघडत नाही, तसंच. हिशोब करून बघितला, आतली हवा ४५ डिग्रीपर्यंत तापली असेल आणि पाणी २८ चं असेल तर आतला दाब जवळजवळ ५ टक्क्यांनी पडतो, म्हणजे अर्धा मीटर पाण्याच्या दाबाएवढी ओढ. टबात जेमतेम फूटभर पाणी असतं पण हाऊसिंगच्या दृष्टीने ते त्याच्या दुपटीहून जास्त खोल गेलेलं असतं. आता कोणी म्हणेल की ओढ असली तर झाकणही आत दाबलं जाईल ना, हो, जातं, पण सात-आठ किलोच्या भाराने. चांगल्या रिंगला तेवढं पुरतं. माझी रिंग चांगली नव्हती.

ही दुसरी गोष्ट. जूनमध्ये सीझन बंद झाला तेव्हा मी हाऊसिंग धुवून पुसून लॅच लावून कपाटात ठेवलं, आणि ऑक्टोबरमध्ये काढलं. चार महिने ओ-रिंग खाचेत दाबलेली. रबर असं सतत दाबून ठेवलं की ते तसंच बसतं, परत गोल होत नाही. मी रिंग दर वेळी साफ करत होतो, भेगा बघत होतो, भेग एकही नव्हती, ती मऊही होती, त्यामुळे ती ठीकच आहे असं धरून चाललो. तिचा आकार बघितला नाही. शेवटी नवीन रिंग आणून दोन्ही शेजारी ठेवून कडेने टॉर्च मारला तेव्हा दिसलं की नवीन गोल आहे आणि जुनी बिजागरीच्या बाजूला चपटी झाली आहे, बोटांत फिरवली तर गोल फिरण्याऐवजी टक् टक् करत पलटते. १२ मीटरवर १६०-१७० किलोचा भार आला की ही चपटी रिंगसुद्धा गप बसून काम करते. टबात आणि पृष्ठभागावर नाही.

हे नुसतं डोक्यात मांडून मी थांबलो नाही, घरी करून बघितलं, आणि तुमची गळती कुठून आहे ते शोधायला हीच पद्धत वापरा असं मी सांगेन. कॅमेरा बाहेर काढा. रिकाम्या हाऊसिंगमध्ये कडेने टिश्यू पेपरच्या पट्ट्या लावा, रिंगच्या आत, रिंगला किंवा तिच्या खाचेला शिवता कामा नयेत, आणि त्या पट्ट्यांवर लहान मुलांच्या स्केचपेनने ठिपके काढा, मी मुलीचा निळा घेतला. स्केचपेनची शाई पाण्याने पसरते, त्यामुळे पाणी नेमकं कुठून आलं ते नंतर पट्टी वाळली तरी दिसतं. एक ठिपक्यांची पट्टी प्रत्येक बटणाच्या खाली पण लावा. मग बादली. रिकामं हाऊसिंग तरंगतं म्हणून वर एखादं जड काहीतरी ठेवायला लागतं, मी डाइव्हचं वेट बांधलं. फोंड्याला आमच्या गच्चीवर तीन फेऱ्या केल्या: सावलीत ठेवून मग बादलीत, अर्धा तास, कोरडं. ४० मिनिटं उन्हात ठेवून मग बादलीत, बिजागरीच्या डाव्या बाजूचे तीन ठिपके पसरलेले. नवीन रिंग घालून परत ४० मिनिटं उन्हात आणि बादलीत, कोरडं. त्या दिवशी मला जे बरं वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही, पाच महिने ज्याच्या मागे होतो ते तीन निळ्या डागांमध्ये समोर होतं.

बादलीत असताना एकेक बटण पण दाबून बघा, प्रत्येक चार-पाच वेळा. बटणाच्या दांड्यावर स्वतःची बारीक ओ-रिंग असते आणि तिथे मीठ साचलं की खडे होतात, बटण दाबलं की खडा रिंगच्या खालून सरकतो आणि तेवढ्यात थेंब आत जातो. आमच्या बोटीवर पुण्याहून येणाऱ्या एका ताईंचं हाऊसिंग फक्त झूम दाबलं की गळायचं, त्या दोन वर्षं मेन रिंगच बदलत होत्या. बटण दाबल्यावर ते हळू परत येत असेल, किंवा दाबताना कुरकुर जाणवत असेल, तर खडे आहेतच असं समजा. रात्रभर कोमट (गरम नको) गोड्या पाण्यात भिजवा, अधूनमधून दाबत राहा, पाणी बदला. त्याने मोकळं झालं तर ठीक, नाही झालं तर दांड्याच्या रिंगा बदलून घ्यायला सर्व्हिसला द्या, सुरी किंवा पिन घालून घरी खरवडू नका, प्लास्टिकला एक ओरखडा पडला की तो कायमचा.

आता मेन रिंग साफ करायची पद्धत, कारण नवीन रिंग पण एका केसाने गळते. केस, टॉवेलचा तंतू, वाळूचा एक कण, हेच बहुतेक वेळा कारण असतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. पंखा बंद करा, तो केस आणि धूळ उडवतो. हात साबणाने धुवून हवेत वाळवा. रिंग काढायला सुई किंवा कटरचं टोक नको, दोन्ही अंगठ्यांनी एका ठिकाणी रेटून तिचा उंचवटा करा आणि बोटाने उचला, किंवा जुन्या एटीएम कार्डाचा कोपरा चालतो. रिंग न ताणता चिमटीतून हळूहळू सरकवा, डोळे मिटून, खरंच सांगतो, डोळे मिटल्यावर बोटाला जो कण लागतो तो उघड्या डोळ्यांनी सुटतो. खाच पुसायला कापसाच्या काड्या नकोत, त्यांचेच तंतू आत राहतात, लेन्स पुसायचा मायक्रोफायबर कपडा कार्डाच्या कडेवर गुंडाळून फिरवा. आणि समोरची बाजू, जिथे रिंग येऊन टेकते ती गुळगुळीत कड, ती पुसायला बहुतेक जण विसरतात. मीही विसरायचो. रिंग चकाचक आणि समोरच्या कडेवर वाळलेल्या मिठाची रेघ असेल तर काय उपयोग.

ग्रीस सील करत नाही. ते रिंगला सरकायला आणि नीट बसायला मदत करतं, एवढंच. तांदळाच्या दाण्याएवढं पूर्ण रिंगला पुरतं, लावल्यावर रिंग फक्त चमकली पाहिजे, बोटावर थर राहता कामा नये. जास्त ग्रीस म्हणजे वाळूला आमंत्रण. ग्रीस हाऊसिंगच्या कंपनीचंच वापरा, कारण काही रिंगा सिलिकॉनच्या असतात आणि त्यांना चुकीचं सिलिकॉन ग्रीस लावलं तर त्या फुगतात, मग खाचेत बसतच नाहीत. खोबरेल तेल लावा म्हणून सांगणारे मला दोघं भेटले, व्हॅसलीनवाले पण भेटले. नका लावू. खोबरेल काही दिवसांनी चिकट होतं, व्हॅसलीन पेट्रोलियमचं असतं आणि बऱ्याच रबरांना ते फुगवतं. डासांचा स्प्रे हाताला असेल तर हाऊसिंगला हातच लावू नका, त्यातलं डीट पॉलिकार्बोनेट खातं, काच पांढुरकी होते आणि बारीक तडे जातात. सनस्क्रीनचे हात पण आधी धुवा.

बंद करताना लॅच लागायच्या आधी पूर्ण कडेने एक फेरी बघा: मनगटाच्या दोरीचा टोक, सिलिका जेलच्या पाकिटाचा कोपरा, कॅमेऱ्याचा पट्टा. जेलचं पाकीट झाकणात अडकून कॅमेरा बुडालेला मी स्वतः शेजारी बसून बघितलाय, अख्खं हाऊसिंग एका मिनिटात भरलं. हाऊसिंग पारदर्शक असेल तर बंद केल्यावर रिंगची काळी रेघ सगळीकडे सारख्या जाडीची दिसायला हवी, कुठे बारीक किंवा तुटक दिसली तर उघडून परत लावा.

हे सगळं आदल्या रात्री घरी. बोटीवर उघडायचंच नाही असा नियम करता आला तर अर्धी गळती तिथेच संपते. मोठं कार्ड, भरलेली बॅटरी, स्क्रीनचा ब्राइटनेस कमी, आणि डाइव्हभर व्हिडिओ चालू न ठेवता हवा तेव्हाच चालू केला तर दोन डाइव्ह आरामात होतात. उघडावंच लागलं तर सावलीत बसून, डोक्याला टॉवेल बांधून (केसांतलं पाणी नेमकं आत ठिबकतं), वेटसूट अर्धा उतरवून, कारण बाहीतलं पाणी हात पुढे केला की मनगटावरून धार लागल्यासारखं येतं, आणि झाकण खालच्या बाजूला ठेवून उघडायचं म्हणजे कडेला अडकलेलं पाणी आत न पडता बाहेर पडतं.

आणि बोटीवर हाऊसिंग सावलीत. आमचा तांडेल (बोट चालवणारा) पहिल्या दिवसापासून मला कोकणीत सांगायचा, "पात्रांव, कॅमेरो सावळेंत दवर." म्हणजे मालक, कॅमेरा सावलीत ठेव. मला वाटायचं तो चोरीमारीच्या किंवा कोणाचा पाय पडेल या काळजीने म्हणतोय. आता मी एक पांढरा ओला पंचा घेऊन जातो आणि हाऊसिंग त्यात गुंडाळून बाकाखाली ठेवतो. टबात टाकायचं झालं तर आधी दोन मिनिटं त्याच ओल्या पंचात गार होऊ द्यायचं, मग टब, आणि टबात सोडून निघून जायचं नाही. तिथे एकावर एक हाऊसिंग पडतात, कोणाचा तरी मोठा कॅमेरा आपल्या शटरच्या बटणावर टेकून राहतो आणि दाब नसलेल्या पाण्यात बटण दाबलेलं राहणं म्हणजे काय ते वर लिहिलंच आहे. हातात धरून बटणं दाबत मिनिटभर धुवायचं आणि बाहेर काढायचं. नीट भिजवणं घरी येऊन, अर्धा तास तरी, मीठ वाळायच्या आत. नळाची किंवा पाइपची जोरदार धार रिंगच्या फटीवर मारू नका, तेवढ्या जागी तो जोर रिंगला हलवायला पुरतो.

पाण्यात उतरताना कॅमेरा हातात घेऊन बॅकरोल (बोटीच्या कडेवरून पाठमोरी उडी) नको. आधी तुम्ही, मग वरून कोणीतरी हातात देईल. हातात आल्यावर पहिला अर्धा मिनिट हाऊसिंग पाण्याच्या जरा खाली धरून बुडबुड्यांची सलग माळ निघते का बघा. सुरुवातीचे चार-दोन बुडबुडे बाहेर अडकलेल्या हवेचे असतात, एकाच ठिकाणाहून परत परत आले तर लगेच वर द्या. बोटीवर कॅमेरा परत देणं जड वाटतं, पण पाण्यात हात मोकळे असले की शेल्टर कोव्ह या डाइव्ह साइटवरचे पोपटमासे नुसत्या डोळ्यांनी बघायलाही छान वाटतात.

ज्यांच्या हाऊसिंगला व्हॅक्यूम व्हॉल्व्ह बसतो त्यांनी तो घ्यावाच. पंपाने आतली थोडी हवा काढायची, अर्धा तास थांबायचं, दाब तसाच राहिला तर सील पक्कं. शिवाय आतला दाब कमी असल्याने झाकण सुरुवातीपासून दाबलेलं राहतं, म्हणजे माझा वरचा सगळा पृष्ठभागाचा प्रॉब्लेम मुळातच कमी होतो. फक्त एक लक्षात ठेवा, एसी खोलीत व्हॅक्यूम लावून बाहेर ३५ डिग्रीत आणलं की आतली हवा फुगून दाब तीन-चार टक्के वाढतो आणि काही सिस्टिमचा दिवा हिरव्याचा पिवळा होतो. ती गळती असेलच असं नाही. हाऊसिंग बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, मग बघा.

खाली असताना पाणी दिसलं तर काय? हे मनापासून सांगतो, वर सुसाट पळू नका. कॅमेरा दुसरा घेता येतो. बडीला (डाइव्हमधल्या जोडीदाराला) खूण करा, कॅमेरा बंद होत असेल तर बंद करा, हाऊसिंग अशा बाजूने धरा की पाणी कॅमेऱ्यापासून लांबच्या कोपऱ्यात राहील, आणि नेहमीच्या वेगाने, मिनिटाला ९-१० मीटरपेक्षा जास्त नाही, वर या, ५ मीटरला ३ मिनिटांचा थांबा घेऊनच. पाणी आत शिरतं तेव्हा आतली हवा दाबली जाते, वर आल्यावर ती फुगते, त्यामुळे गळलेलं हाऊसिंग बोटीवर उघडताना चेहरा बाजूला ठेवा आणि लॅच हळू सोडा, झाकण उडतं. बॅटरी आणि कार्ड लगेच बाहेर. भिजलेली लिथियम बॅटरी बॅगेत ठेवू नका, परत चार्ज करू नका, ती तापू शकते. कॅमेऱ्यात समुद्राचं पाणी नक्की गेलं असेल तर गोड्या पाण्यातून काढणं हेच कमी वाईट, कारण मीठ आत वाळलं की गंज काही तासांत सुरू होतो, आणि मग सर्व्हिस. तांदळात पुरून ठेवण्यात अर्थ नाही, मीठ तांदूळ ओढत नाही, उलट पिठूळ आत जातं. कार्ड मात्र बहुतेक वेळा वाचतं, गोड्या पाण्यात धुवा, दोन दिवस वाळवा, मगच लावा. ज्यांचा कॅमेरा स्वतःच वॉटरप्रूफ आहे, ऑलिम्पसची टीजी सिरीज किंवा गोप्रो हिरोसारखा, त्यांना एवढी भीती नाही, त्यांनी फक्त हाऊसिंगच्या आत कॅमेऱ्याची स्वतःची बॅटरीची झडप पण लॉक करून ठेवायची सवय लावावी, टीजी १५ मीटरपर्यंत आणि अलीकडचे बहुतेक हिरो १० मीटरपर्यंत हाऊसिंगशिवाय तग धरतात.

विमानाने येणाऱ्यांनी हाऊसिंग लॅच लावून आणू नये. विमानात हवेचा दाब कमी असतो आणि आतली हवा बाहेर पडू बघते, मग गोव्यात उतरल्यावर झाकण उघडता उघडत नाही. रिंग काढून वेगळ्या पाकिटात आणा.

आणि पावसाळ्याचं. सीझनची शेवटची डाइव्ह झाली की हाऊसिंग रात्रभर भिजवा, बटणं दाबा, सावलीत पूर्ण वाळवा, रिंग काढून पुसून, अगदी पुसट ग्रीस लावून झिप पाकिटात सैल ठेवा, ताणून नाही, घडी घालून नाही. लॅच उघडं. कॅमेरा आणि लेन्स ड्राय कॅबिनेटमध्ये किंवा हवाबंद डब्यात जेल टाकून, ४०-५० टक्के आर्द्रतेवर, नाहीतर ऑगस्टपर्यंत लेन्सवर बुरशी येते, गोव्यात हे ज्याने भोगलंय त्याला वेगळं सांगायला नको. मी आता दोन रिंगा ठेवतो, एक वापरातली एक नवी, आणि दोन्ही पाकिटांवर कधी आणली ती तारीख मार्करने लिहून ठेवतो, वापरातली वर्षभराची झाली की नवी बसवायची आणि जुनी टाकून द्यायची, इमर्जन्सीला म्हणून सुद्धा बॅगेत ठेवायची नाही, कारण बोटीवर घाईत तीच हाताला लागते.